ट्रेलरमधले दिवे डोळ्यांत खुपतात, कमी केले तरी पुन्हा भगभगतात: कारणं आणि उपाय

अमेरिका-कॅनडात ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) विकत घेणाऱ्यांची, आणि सुट्टीपुरता भाड्याने घेणाऱ्यांचीही, एक तक्रार ठरलेली असते. दाराजवळचा एक खटका दाबला की छतातले आठ-दहा एलईडी दिवे एकदम पेटतात आणि आत ऑपरेशन थिएटर होतं. प्रकाश निळसर पांढरा, छत डोक्यापासून हातभर वर, भिंतींना आणि छताला पांढरं व्हायनिल. मुलं झोपल्यावर नुसतं गप्पा मारत बसायचं म्हटलं तरी डोळे दिपतात. मग कोणी दिव्यांवर फिल्म चिकटवतं, कोणी ऑनलाइन मागवलेला स्वस्त डिमर बसवतं. काही दिवस बरे जातात. पुढे उन्हाळ्यात फिल्म सुटून लोंबते, डिमरवर दिवे फडफडायला लागतात, किंवा बॅटरीवर सुसह्य वाटणारे दिवे कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला केबल जोडताच पुन्हा लख्ख होतात.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: दिवा आतून कसा चालतो हे न बघता उपाय निवडलेला असतो. डिमर हा इथे पहिला उपाय नव्हे. बऱ्याच ट्रेलरांत त्याची गरजच पडत नाही.

आधी काय खुपतंय ते ठरवा

तक्रार एक असली तरी तिच्यामागे तीन गोष्टी असू शकतात. प्रकाश जास्त आहे, प्रकाशाचा रंग नको तसा आहे, किंवा एलईडीचे उघडे ठिपके थेट डोळ्यांत जातायत. अंधार पडल्यावर थोड्या वेळात याचा निकाल लागतो. एका दिव्यासमोर बटर पेपरचा तुकडा हाताने धरा. आतला उजेड फारसा न घटता डोळ्यांना आराम पडला, तर दोष चकाकीचा आहे आणि दुधी कव्हरने भागेल. मग एकाआड एक दिवे पुठ्ठ्याने झाकून बघा. तेवढ्याने बरं वाटलं तर मात्रा जास्त आहे. आणि उजेड घटूनही आत बसावंसं वाटत नसेल, जेवण ताटात फिकं दिसत असेल, तर रंग बदलायला हवा.

मात्रेचा एक हिशेब लक्षात ठेवा. डोळ्याला उजेड निम्मा वाटावा यासाठी तो मापाने साधारण चौथ्या हिश्शावर आणावा लागतो. ५० टक्के प्रकाश अडवणारी फिल्म लावून लोक निराश होतात ते यामुळे. फिल्म खराब नसते, अपुरी असते. दहापैकी दोन दिवे काढले तर फरक जाणवतही नाही.

रंगाचं गणित वेगळं आहे. जुना तारेचा बल्ब मंद केला की पिवळा होत जातो, एलईडी होत नाही. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर. ६००० केल्विनचा पांढरा एलईडी मंद केला तरी ६००० केल्विनचाच राहतो, आणि कमी उजेडात तो रंग उदास, राखाडी दिसतो. म्हणून दोन्ही दोष असतील तर आधी रंग, मग मात्रा. झोपायच्या आणि बसायच्या जागेला २७०० ते ३००० केल्विन योग्य. ओट्यावर ३५००-४००० ठेवायला हरकत नाही, चिरताना त्याचा उपयोगच होतो.

दिवा कोणत्या जातीचा आहे

जुन्या ट्रेलरांत निघणारे बल्ब असतात. चपट्या बुडाचा, नुसता खोचायचा तो ९२१. दाबून फिरवायचा, एक संपर्कबिंदू असलेला तो ११४१ किंवा ११५६. मूळ तारेचे ९२१ आणि ११४१ साधारण १८ वॅटचे आणि २६० लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास, तर ११५६ सुमारे २७ वॅट आणि ४०० लुमेनचा. यांच्या जागी एलईडी घालताना घोटाळा होतो. पाकिटावर नंबर बरोबर बघून घेतलेला एलईडी ४००-५०० लुमेनचा आणि थंड पांढरा निघतो, दिव्यात असे दोन बसतात, आणि मूळच्या ९२१ किंवा ११४१ च्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट उजेड पडतो. अशा ठिकाणी १५० ते २०० लुमेन, २७०० केल्विन, सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त असा बल्ब घ्या. दोन बल्बांच्या दिव्यातला एक बल्ब नुसता काढून ठेवणं हा तर फुकटचा उपाय. दोन्ही होल्डर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे दुसरा चालूच राहतो. नवा खोचलेला एलईडी पेटलाच नाही तर परत पाठवण्याआधी उलटा फिरवून घाला, काही ९२१ एलईडी एकाच दिशेने चालतात.

नव्या ट्रेलरांत छतात चपटे गोल दिवे असतात आणि त्यांतला एलईडी निघत नाही. यांचे आतून दोन प्रकार आहेत. एकात एलईडीच्या माळेला नुसता रोधक जोडलेला असतो. दुसऱ्यात करंट स्थिर ठेवणारं छोटं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर असतो. मागच्या लेबलवर "१० ते ३० व्होल्ट" अशी रुंद मर्यादा छापलेली असेल तर बहुधा ड्रायव्हर, नुसतं "१२ व्होल्ट" असेल तर बहुधा रोधक.

लेबल नसेल तर मल्टिमीटरने खात्री करा. त्या दिव्यांचा फ्यूज काढा, मीटर १० अँपिअर डीसीवर ठेवून दोन्ही टोकं फ्यूजच्या खाचांना लावा, त्या सर्किटवरचे पंखे बंद ठेवा आणि दिवे लावा. एकदा बॅटरीवर मोजा, एकदा बाहेरची केबल जोडून. व्होल्टेज वाढल्यावर करंटही वाढला तर रोधकवाले. व्होल्टेज वाढल्यावर करंट थोडा घटला तर ड्रायव्हरवाले. मीटर नसेल तर रात्री पाण्याचा पंप चालू करून बघा: पंप सुरू होताना जे दिवे क्षणभर दबतात ते रोधकवाले. मोजलेला आकडा लिहून ठेवा, डिमर निवडताना तोच लागतो.

केबल जोडली की दिवे का वाढतात

शिसं-आम्लाची बॅटरी वापरात असताना १२.२ व्होल्टच्या आसपास असते. केबल जोडली की ट्रेलरचा कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या एसीपासून १२ व्होल्टचा डीसी बनवणारा डबा, त्याच तारांवर १३.६ व्होल्ट देतो, आणि बॅटरी उतरलेली असेल तर १४.४ पर्यंत. रोधकवाल्या दिव्यात सहसा तीन-तीन एलईडींची माळ असते. प्रत्येकी सुमारे ३ म्हणजे ९ व्होल्ट माळेतच जातात, उरलेलं व्होल्टेज रोधकावर पडतं आणि करंट त्यावर ठरतो. १२.२ ला उरतात ३.२ व्होल्ट, १३.६ ला ४.६, आणि १४.४ ला ५.४. व्होल्टेज जेमतेम १८ टक्के वाढलं, पण करंट कागदोपत्री ६९ टक्के वाढला. करंटबरोबर एलईडीचं स्वतःचं व्होल्टेजही किंचित चढतं, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ थोडी कमी भरते. तरी ती डोळ्याला सहज दिसते, आणि दिवे तापून लवकर मरतात तेही याच कारणाने.

लिथियम बॅटरी टाकल्यावर "दिवे जास्तच प्रखर झाले" असं वाटतं तेही खरंच आहे. ती नुसती ठेवलेली असतानाही १३ व्होल्टच्या वर असते आणि चार्ज होताना १४.६ पर्यंत जाते.

रोधकवाल्या दिव्यांना पीडब्ल्यूएम डिमरपेक्षा (दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद करणारा) चांगला उपाय म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं छोटं डीसी मॉड्यूल. त्यावरचा स्क्रू फिरवून ते १०.५ ते ११ व्होल्टवर लावा. वरच्याच हिशेबाने ११ व्होल्टला रोधकावर २ व्होल्ट उरतात, म्हणजे केबलवर असतानाच्या करंटच्या साधारण ४३ टक्के. १०.५ ला दीड व्होल्ट, म्हणजे एक तृतीयांश. बॅटरी असो की केबल, उजेड तोच राहतो, आणि विद्युतप्रवाह सलग असल्यामुळे फडफड नाही. मात्र मॉड्यूलला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा एक ते दीड व्होल्ट जास्त लागतं, म्हणून ११.५ वर लावू नका, बॅटरी उतरली की ते डळमळतं. लेबलवरच्या क्षमतेच्या निम्माच भार द्या: दिवे २ अँपिअर घेत असतील तर ५ अँपिअरचं मॉड्यूल. फोममध्ये दाबून ठेवू नका, कपाटाच्या आत हवा लागेल अशा जागी स्क्रूने बसवा. स्क्रू एकदा जमला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, नाहीतर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तो सरकतो.

ड्रायव्हरवाल्या दिव्यांवर हे चालत नाही. व्होल्टेज उतरवलं की ड्रायव्हर जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतो आणि एका मर्यादेखाली एकदम विझतो.

फिल्म लावायची तर

ड्रायव्हरवाल्या, न निघणाऱ्या दिव्यांना सगळ्यात सोपा मार्ग फिल्म. इथे नाटक-सिनेमाच्या प्रकाशयोजनेत वापरतात ती जेल घ्या, खिडकीची काळी सनफिल्म नको. जेल उष्णता सोसते आणि तिचे आकडे छापील मिळतात. ली कंपनीची २०४ नंबरची जेल ६५०० केल्विनला ३२०० वर आणते आणि निम्म्याच्या आसपास प्रकाशच पुढे जाऊ देते. म्हणजे रंग आणि मात्रा दोन्हींवर एकाच थराने काम होतं. दिवे ४०००-४५०० केल्विनचे असतील तर २०४ ने आत शेंदरी होईल, तिथे २०५ पुरते. रंग ठीक आहे, फक्त मात्रा घटवायची असेल तर राखाडी २०९ निम्मा प्रकाश जाऊ देते, २१० एक चतुर्थांश. ठिपके पसरवायचे असतील तर दुधी २५० पासून सुरुवात करा. २१६ जास्त दाट आहे.

फिल्म सुटते ती गोंदामुळे. ॲरिझोना-टेक्साससारख्या ठिकाणी उन्हात बंद उभ्या ट्रेलरमध्ये दुहेरी टेपचा गोंद मऊ होतो आणि फिल्म वजनाने घसरते. म्हणून दिव्याचं कव्हर फिरवून काढा, ते कागदावर ठेवून गोल आखा, एक मिलिमीटर आतून कापा आणि फिल्म कव्हरच्या आतल्या बाजूला ठेवून कव्हर परत बसवा. कडेने ती तशीच धरली जाते. एलईडीच्या पट्टीवर थेट काही चिकटवू नका, मध्ये मोकळी हवा हवी. कव्हर निघतच नसेल तर बाहेरून पारदर्शक सिलिकॉनचे तीन-चार बारीक ठिपके टेपपेक्षा जास्त टिकतात आणि पुढे नखाने निघतात.

काच दुधी करायचा स्प्रे मिळतो. तो प्लॅस्टिकच्या कव्हरवर मारण्याआधी आतल्या कडेला थोडासा मारून एक रात्र ठेवा. काही प्लॅस्टिकला त्याने बारीक तडे जातात, आणि एकदा मारलेला स्प्रे काढायला थिनर लावला की कव्हरच जातं. आमच्या मते याची वेळ सहसा येत नाही.

तारेचे बल्ब असलेल्या दिव्यात मात्र फिल्म, कागद, कापड काहीही घालू नका. १८-२७ वॅटचा बल्ब मूळ प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा पिवळं करतो, वाकवतो. आधी एलईडी घाला, मग बाकीचं.

दिवे कमी करताना

चार-सहा दिवे कायमचे बंद केले तर बाकीचे खटके-डिमर सगळं वाचतं. पण छतातले दिवे एकातून दुसऱ्यात तार नेऊन जोडलेले असतात. मधला दिवा काढून तारा तशाच सोडल्या की पुढचे सगळे मेले, आणि दोष भलतीकडे शोधला जातो. आलेली आणि गेलेली काळी तार एकत्र, पांढरी-पांढरी एकत्र जोडून ठेवा. वॅगो २२१ जातीचे उघडझाप करायचे कनेक्टर इथे सोयीचे. तारेचं ११ मिलिमीटर आवरण सोलायचं, ना जास्त ना कमी. काढलेल्या जागी स्वतःचं बटण असलेला दिवा बसवला तर आणखी बरं: पुस्तक वाचणाऱ्याने आपल्यापुरता लावावा. नवा दिवा घेताना बाहेरचा व्यास जुन्याइतका किंवा मोठा हवा, नाहीतर छतावर जुन्या दिव्याचं पिवळट वर्तुळ उघडं पडतं.

छताची प्लाय जेमतेम तीन मिलिमीटरची असते आणि स्क्रूची भोकं लगेच सैल होतात. लांब स्क्रू घालू नका, वर तारा आहेत. भोकात लाकडी टूथपिक फेविकॉलसारख्या गोंदात बुडवून खोचा, वाळल्यावर तोडा आणि जुनाच स्क्रू लावा.

कुठल्याही तारेला हात लावण्याआधी बाहेरची केबल काढा आणि बॅटरीचा मुख्य खटकाही बंद करा. दोन्ही हवं. नुसती बॅटरी तोडली तर कन्व्हर्टर तारांत १२ व्होल्ट देतच राहतो. झटका बसत नाही म्हणून लोक हे टाळतात, पण शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते.

डिमर लावायचाच असेल तर

घरातला १२० व्होल्टचा डिमर इथे कधीही नाही, तो फक्त एसीवर चालतो. डीसीचा पीडब्ल्यूएम डिमर लागतो आणि तो रोधकवाल्या किंवा "डिमेबल" लिहिलेल्याच दिव्यांवर नीट चालतो. ड्रायव्हरवाले दिवे त्यावर फडफडतात, अर्ध्या फेरीपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम विझतात, किंवा बारीक शिट्टी ऐकू येते. डिमर बदलून हे सुटत नाही. दिवे बदलावे लागतात किंवा फिल्मवर यावं लागतं.

सगळ्यात जास्त फसगत डिमर कुठली तार तोडतो यावर होते. बाजारातले बरेच स्वस्त डिमर निगेटिव्ह बाजू तोडतात. ट्रेलरमध्ये सगळ्या दिव्यांच्या पांढऱ्या निगेटिव्ह तारा वाटेत कुठे ना कुठे एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे करंट डिमरला वळसा घालून जातो आणि बटण कितीही फिरवा, दिवे पूर्णच पेटतात. "डिमर खराब आला" म्हणून परत पाठवलेले कितीतरी डिमर प्रत्यक्षात ठणठणीत असतात. घेताना पॉझिटिव्ह तोडणारा, निगेटिव्ह सामायिक असलेला तीन तारांचा डिमर मागा.

तारांचे रंग इथे दगा देतात. अमेरिकी ट्रेलरमध्ये १२ व्होल्टच्या बाजूला पांढरी तार निगेटिव्ह आणि काळी सहसा पॉझिटिव्ह असते, तर गाड्यांच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे निगेटिव्ह. पुण्या-मुंबईत टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन बांधणाऱ्यांनी अमेरिकी आकृत्या बघून तारा जोडताना हे खास सांभाळावं. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या डिमरवर लाल-काळ्या खुणा गाडीच्या पद्धतीच्या असतात. शिवाय ट्रेलरमध्ये १२० व्होल्टची काळी तारही असते, आणि ती जीवघेणी. रंगावर न जाता प्रत्येक तार मीटरने तपासा.

जोडणी अशी:

१. खटक्याची पट्टी काढा. आत बहुधा दोनच काळ्या तारा दिसतील, एक फ्यूजकडून येणारी आणि एक दिव्यांकडे जाणारी. डिमरला पांढरी तारही लागते. ती नसेल तर जवळच्या दिव्यापासून १८ गेजची ओढून आणा.

२. दाराजवळ आणि पलंगाजवळ असे दोन खटके एकाच दिव्यांना असतील तर डिमर दोन्ही खटक्यांच्या पुढे, दिव्यांकडे जाणाऱ्या सामायिक तारेवर बसवा. मध्येच बसवला तर एका खटक्याने मंद आणि दुसऱ्याने लख्ख असा प्रकार होतो.

३. मोजलेल्या करंटच्या दुप्पट क्षमतेचा डिमर घ्या. ३ वॅटचे १२ दिवे म्हणजे ३६ वॅट, १२ व्होल्टला ३ अँपिअर, तर डिमर ६ अँपिअरचा किंवा मोठा. सर्किटचा फ्यूज १५ अँपिअरचा असतो, तो डिमरला वाचवत नाही. डिमरच्या आधी तारेत ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज घाला.

४. फ्यूजच्या पेटीतच अख्ख्या सर्किटवर डिमर लावू नका. त्याच फ्यूजवर छतातला पंखा, शेगडीवरचा पंखा, कधी गॅसगळतीचा सूचकही असतो. तो सूचक मंद किंवा बंद होणं परवडणारं नाही.

टचपॅनेलवर किंवा फोनवर चालणाऱ्या नव्या ट्रेलरांत काहीही विकत घेण्याआधी दिव्याचं बटण दाबून धरून बघा. अनेकदा मंद करायची सोय आधीच असते. त्या पॅनेलच्या पुढे दुसरा डिमर लावला तर दोघांचे ठोके एकमेकांत अडकून दिवे लुकलुकतात.

बसवल्यानंतर येणाऱ्या तक्रारी

डोळ्याच्या कोपऱ्यातून फडफड जाणवत असेल, फोनच्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे दिसत असतील, तर डिमरचे ठोके सेकंदाला दोन-तीनशेच पडत असावेत. १००० हर्ट्झ किंवा जास्त लिहिलेला घ्या.

दिवे मंद केले की एफएमवर खरखर किंवा अँटेनावरच्या टीव्हीत खंड पडतो, कारण डिमरच्या तारा अँटेनाच्या केबलला खेटून गेलेल्या असतात. त्या हातभर दूर घ्या, डिमरच्या दोन्ही बाजूंना क्लिपचं फेराइट (तारेवर बसणारा, खरखर शोषणारा मणी) लावा. मॉड्यूल वापरलं असेल तर त्यालाही हाच इलाज.

खटका बंद केला तरी दिवे अंधुक तेवत राहतात तेव्हा खटक्यातल्या चमकत्या बिंदूतून किंवा पॅनेलमधून काही मिलिअँपिअर झिरपत असतात. एलईडीला तेवढे पुरतात. दिव्याच्या प्लस-मायनसमध्ये १००० ओहमचा अर्धा वॅटचा रोधक जोडा. १४.४ व्होल्टलाही त्यात ०.२ वॅटच्या आसपासच जातात, तो तापत नाही.

छताचे दिवे जमल्यावर रात्री स्टिरिओचा निळा आणि टीव्हीचा लाल ठिपका खुपायला लागतो. त्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा पुरतो. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकाचा हिरवा दिवा मात्र उघडाच ठेवा. झोप फारच मोडत असेल तर उशी दुसऱ्या टोकाला करा.